ब्याण्णव टक्के

‘उभारी’ वसतिगृहाचा दहावीचा निकाल ब्याण्णव टक्के लागला, हे वाक्य सौदामिनीनं दोन वर्षांत कितीदा लिहिलं असेल कुणास ठाऊक. संस्थेच्या अहवालात लिहिलं, मुंबईच्या देणगीदारांना गेलेल्या पत्रांत लिहिलं, वर्तमानपत्राला दिलेल्या मजकुरातही लिहिलं. ती लातूरच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायची आणि उभारीचं आकड्यांचं काम हौसेनं करून द्यायची. वसतिगृहाची पहिली तुकडी २००१ साली दहावीला बसली, चोवीसपैकी बावीस मुलं पास झाली. तो भागाकार तिनंच केला होता.

उभारी काढली बापूसाहेबांनी. ते औशाच्या शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक, सौदामिनी त्यांच्या हाताखाली शिकलेली. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बापूसाहेबांनी तालुक्यातल्या आठ गावांत जवळजवळ दोन वर्षं काढली. पत्र्याच्या शेडांत राहणाऱ्या माणसांना धान्य पोचवलं, दवाखान्यात नेलं, प्रमाणपत्रांचे अर्ज भरून दिले. त्यांना घोर होता तो लेकरांचा. गावं नव्या जागी उभी राहून सावरेपर्यंत एक अख्खी पिढी वाया जाईल, असं त्यांना वाटायचं. इकडे लातूरच्या मुलांची नावं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकत होती. गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या होत्या, पार नांदेड-सोलापूरकडचे आईबाप लातूरला खोल्या घेऊन पोरांना ठेवत होते. जे त्यांच्या पोरांना मिळतं ते भूकंपातल्या पोरांना का मिळू नये, एवढंच बापूसाहेबांचं म्हणणं होतं. त्यातून लातुरात वसतिगृह उभं राहिलं. पाचवीपासून दहावीपर्यंत राहणं, जेवण, शाळा आणि शिकवणी, सगळं फुकट.

१९९५च्या मे महिन्यात पहिल्या तुकडीसाठी अर्ज मागवले. जागा साठ, अर्ज आले एकशे अठ्ठेचाळीस. कुणाचं पोर घ्यायचं यावरून पुढाऱ्यांचे निरोप यायला लागले तेव्हा बापूसाहेबांनी सांगून टाकलं, की चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्याचं नशीब. आठही गावची माणसं एका शाळेच्या पटांगणात जमली. नावांच्या चिठ्ठ्या एका घागरीत घातल्या. सौदामिनी तेव्हा सत्तावीस वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली. ती कुठल्याच गावची नाही म्हणून बापूसाहेबांनी चिठ्ठ्या काढायला तिला बसवलं. तिनं साठ वेळा घागरीत हात घातला. नाव पुकारलं की त्या घरची माणसं रडायची आणि हसायची. कवठाळीच्या मंजुळाबाईंचा नवरा आणि थोरला मुलगा दोघंही भूकंपात गेले होते. त्यांच्या राजकन्येचं नाव निघालं तेव्हा त्यांनी पदराला बांधून आणलेली साखर तिथल्या तिथं वाटली. नाव नाही निघालं तर ती परत न्यायची, असं त्यांनी ठरवलेलं असावं.

पुढं आठ वर्षं गेली. २००३ साली बापूसाहेबांनी दुसरं वसतिगृह काढायचं ठरवलं, नांदेडजवळ विष्णुपुरीला, लोहा तालुक्यातल्या दोनशे मुलांसाठी. इमारतीचा खर्च मुंबईचा एक न्यास उचलणार होता, पण त्यांनी एक अट घातली. नुसता निकाल नको, असं त्यांनी कळवलं. वसतिगृहात आल्यामुळं मुलांचं काय भलं झालं, ते न आलेल्या मुलांशी ताडून दाखवा.

बापूसाहेब जरा दुखावले. सौदामिनीला मात्र आनंद झाला. असा अभ्यास करायला माणसं तरसतात, तिनं त्यांना समजावून सांगितलं. एरवी वसतिगृहात येणारी मुलं मुळातच हुशार होती की काय, त्यांचे आईबाप जास्त जागरूक होते की काय, असल्या शंका राहतात. इथं तसं काही नव्हतं. एकशे अठ्ठेचाळीस मुलं सारख्याच घरची, सारख्याच गावची. साठ निवडली गेली ती केवळ घागरीत हात कुठं पडला म्हणून. त्यामुळं आज त्या दोन गटांत जो काही फरक दिसेल तो उभारीनं घडवलेला.

“मग मोज,” बापूसाहेब म्हणाले. “एकदा सगळ्यांना दिसू दे.”

जून महिन्यात तिनं कामाला सुरुवात केली. जुने अर्ज एका पत्र्याच्या पेटीत नीट बांधून ठेवलेले होते. त्यावरून तिनं दोन याद्या केल्या, चिठ्ठी निघालेल्या साठांची आणि न निघालेल्या अठ्ठ्याऐंशींची. साठांची पुढची माहिती अंबरीश सरांकडं मिळणार होती. अंबरीश हे गणिताचे शिक्षक, वसतिगृहाचा अभ्यास आणि शिस्त सगळं त्यांच्याकडं होतं. त्यांनी लगेच चोवीस नावांचा कागद दिला. तिनं बाकीच्या छत्तीसांचं विचारलं. ती मुलं मधेच गेली, ते म्हणाले, गावाकडचे पालक असतात, घेऊन जातात. तिनं दाखल-खारीज रजिस्टर मागितलं. ते कपाटातच होतं. त्याच खोलीत बसून ती सहा वर्षं चहा प्यायली होती.

सकाळचे अकरा वाजले होते. शेजारच्या वर्गात मुलं पाढे म्हणत होती. तिनं पान उलटलं, पुढचं उलटलं. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात एकच ओळ होती: पालकांच्या विनंतीवरून. खाली पुन्हा तीच. छत्तीस ठिकाणी तीच ओळ, एकाच अक्षरात. तिनं तारखा पाहिल्या. छत्तीसपैकी एकोणतीस मुलं एप्रिल-मे महिन्यात गेली होती, आठवीचा किंवा नववीचा निकाल लागल्यावर. दहावीच्या वर्गात पाय ठेवायच्या आधी.

ब्याण्णव टक्के म्हणजे चोवीसांतले बावीस. ते चोवीस कुठून आले, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. ती वर्गात दरवर्षी मुलांना सांगायची, की टक्केवारी दिसली की आधी खाली कुठला आकडा आहे ते बघा. आणि तिच्या स्वतःच्या भागाकाराखाली साठाऐवजी चोवीस बसले होते. कुणी लपवलं नव्हतं. तिला हवं असतं तर ते कधीही दिसलं असतं.

तरीही तिनं स्वतःला थोपवलं. मुलं मधेच गेली असतील, पण गावाकडं राहिलेल्यांपेक्षा उभारीच्या मुलांचं काहीतरी बरं झालं असेलच. न निवडलेल्या मुलांचं आणखी वाईट झालं असणार. ते बघितल्याशिवाय बोलायचं नाही.

जून ते ऑगस्ट, दर शनिवार-रविवार ती गावं फिरली. लातूरहून औशापर्यंत एसटी, पुढं जीप. गावं आता नव्या जागी वसली होती. सरळ रस्ते, सारखी सिमेंटची घरं, भिंतींवर घरांचे नंबर, आणि झाडं अजून माणसाच्या उंचीचीच. यादीतलं नाव घेऊन ती दारात उभी राहायची आणि दहावी झाली का, कधी झाली, आता काय करतो, एवढंच विचारायची. निकालाचा कागद बघायला मागायची.

पहिल्या गावात न निवडलेली नऊ मुलं सापडली, त्यातली सहा दहावी पास. तिला नवल वाटलं. दुसऱ्या गावात अकरांपैकी आठ. एकजण औशाला आयटीआयला होता, एक मुलगी बारावी होऊन अंगणवाडीत लागली होती. तिसऱ्या गावात एकाच घरची दोन जुळी भावंडं भेटली. चिठ्ठी निघालेला भाऊ नववीतून परत येऊन ट्रॅक्टरवर होता, न निघालेली बहीण बीएच्या पहिल्या वर्षाला. पहिल्या दोन गावांहून परतताना तिनं जीपमध्येच बेरीज करून पाहिली होती. चौथ्या गावापासून तिनं ते सोडून दिलं. बेरीज काय येणार हे तिला दिसायला लागलं होतं, आणि ते बघायचं धाडस होत नव्हतं.

ऑगस्टच्या एका रविवारी ती कवठाळीला मंजुळाबाईंच्या घरी गेली. मंजुळाबाईंनी तिला लगेच ओळखलं. चिठ्ठ्या काढणाऱ्या बाई, त्या म्हणाल्या, आणि घोंगडी अंथरली. राजकन्या आता एकोणीस वर्षांची होती. दाराशी शिलाई मशीन मांडून गावातल्या बायकांची पोलकी शिवत होती. सुरुवातीला ती मान वर करेना. आईनं चहा ठेवला तेव्हा हळूहळू बोलायला लागली.

नववीच्या सहामाहीत तिला एक्केचाळीस टक्के पडले होते. वार्षिक परीक्षेनंतर अंबरीश सरांनी सात मुलींना बोलावून घेतलं. तुमचं दहावीला जमणार नाही, ते म्हणाले, तुम्ही घरी जाऊन बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसायचं. मूल नापास झालं तरी ते शाळेच्या निकालात धरत नाहीत. मंजुळाबाईंना निरोप गेला. त्या आल्या तेव्हा कागद तयार होता. त्यांनी हात जोडून सांगितलं, की पोरीला ठेवून घ्या, मी इथली झाडलोट करीन, भांडी घाशीन. शेवटी अंगठा उठवून त्या पोरीला घेऊन निघाल्या. कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही.

“आमाला म्हणाले, कुणाला भेटू नका,” राजकन्या म्हणाली. “बाकीच्यांचा अभ्यास हाय, त्यांचं मन लागणार न्हाई. पाच वर्सं एका खोलीत ऱ्हायलो आमी. पेट्या उचलल्या अन् मागच्या दारानं आलो.”

सौदामिनीनं विचारलं, मग गावच्या शाळेत का गेली नाहीस? शाळा तर इथंच होती. राजकन्येनं मशीनवरचं कापड सरळ केलं. उत्तर मंजुळाबाईंनी दिलं. सगळ्या गावाला साखर वाटून धाडलेली पोर होती. परत आल्यावर दोन महिने घराबाहेर पडली नाही. बरोबरीची पोरं शाळेत जाताना दिसली की आत जाऊन बसायची. सतरा नंबरचा फॉर्म कुठं मिळतो हेही ठाऊक नव्हतं. तिचा चुलतभाऊ शिवशंकर, ज्याचं नाव त्या दिवशी निघालं नव्हतं, तो गावच्या शाळेत रडतखडत दहावी झाला, पुढं बारावी झाला, आता डीएडला होता.

मंजुळाबाईंनी कपबशी सौदामिनीच्या हातात दिली आणि समोर बसल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दोष देणंही नव्हतं. पेरणी उशिरा झाली, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

“बाई, त्या दिशी तुमी दुसरी चिठ्ठी उचलली असती तर लई बरं झालं असतं.”

चहा तसाच गार झाला. जीपमध्ये शेजारच्या बाईनं तिला, बरं वाटत नाही का, म्हणून विचारलं तेव्हा आपला चेहरा कसा झालाय हे तिला कळलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिनं आकडे मांडले. उभारीच्या साठांपैकी सत्तावीस दहावी पास होते. वसतिगृहातून बसलेले बावीस, आणि परत गेल्यावर कसेबसे पुन्हा शाळेत जाऊन पास झालेले पाच. साठातली पाच मुलं सापडली नव्हती. न निवडलेल्या अठ्ठ्याऐंशींपैकी अठ्ठावन्न पास होते, सात सापडले नव्हते. म्हणजे इकडे शंभरात पंचेचाळीस, तिकडे सहासष्ट. तिनं उभारीच्या बाजूनं जेवढं झुकता येईल तेवढं झुकून पाहिलं. न सापडलेली उभारीची पाचही मुलं पास धरली, गावची सातही नापास धरली. तरी इकडे त्रेपन्न, तिकडे सहासष्टच. योगायोगानं पंचेचाळीस-सहासष्ट एवढा फरक पडतो का, हे तिनं तीन वेगळ्या पद्धतींनी तपासलं. पडत नव्हता.

गावांत असं काय झालं होतं? तिला एकच चांगला शिक्षक आठवत होता, कवठाळीचे माणिकप्पा गुरुजी. भूकंपानंतर एकाच शेडात चार इयत्ता भरायच्या. तेव्हा गुरुजींनी इयत्ता बाजूला ठेवल्या, ज्याला अक्षर येत नाही तो एका रांगेत, शब्द वाचणारा दुसऱ्या, धडा वाचणारा तिसऱ्या, असं बसवलं आणि रोज सकाळी एक तास नुसतं वाचून घेतलं. पुढं वर्ग झाले तरी त्यांनी तो तास सोडला नाही. कवठाळीचा निकाल खरंच सगळ्यांत चांगला होता. पण बाकीच्या सात गावांत असे गुरुजी नव्हते आणि तिथंही मुलं उभारीपेक्षा पुढं होती. त्या शाळांत कधी मास्तर नसायचा, कधी वर्ग गळायचा. त्यांनी काही विशेष केलं नव्हतं. फक्त कुणाला घालवून दिलं नव्हतं.

ती कागद घेऊन बापूसाहेबांच्या घरी गेली. बापूसाहेब एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं पान वाचलं. आकडे उलटे लिहिले गेलेत का, असं विचारलं. नाही, ती म्हणाली. त्यांनी तिला पुन्हा बेरीज करायला लावली, मोठ्यानं. मग गावागावाची यादी मागितली आणि एकेका नावावर बोट ठेवून विचारत गेले, हा पास, ही पास, हा कोण, बरं, पास. मुलं जातात हे त्यांना माहीत होतं. आईबापांना लेकराची आठवण येत असेल, शेतीला हात लागत असतील, असं ते धरून चालले होते. एकोणतीस जणांना काढून लावलंय हे ऐकल्यावर ते उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

अंबरीशना बोलावून घेतलं. सौदामिनीला वाटलं होतं ते नाकबूल करतील. त्यांनी काहीच नाकबूल केलं नाही. लातुरात सगळीकडे असंच करतात, ते म्हणाले, कच्ची मुलं नववीतच बाजूला काढतात, त्याशिवाय निकाल राहत नाही. मग ते बापूसाहेबांकडं वळले. आवाज चढवला नाही.

“सर, तुम्ही दर उन्हाळ्यात मला विचारायचात, यंदा निकाल किती लागेल. देणगीदार तेच विचारायचे. मॅडमनी दोन वर्षांपूर्वी निकालाचा तक्ता मागितला, त्यात दहावीला किती बसली आणि किती पास झाली, एवढेच रकाने होते. पाचवीत किती आली होती, हे सहा वर्षांत मला एकानंही विचारलं नाही.”

सौदामिनी खाली बघत होती. तक्ता तिनंच आखला होता.

त्यानंतर चार दिवस बापूसाहेब कार्यालयात आले नाहीत. फोन केला की घरून सांगायचे, बाहेर गेलेत. अहवाल आता दाबला जाणार, अशी सौदामिनीची खात्री झाली. दाबला गेला तर आपण काय करायचं, याचा तिनं विचार करून पाहिला, आणि आपण काहीच करणार नाही असं आतून जाणवून तिला स्वतःची आणखी लाज वाटली. पाचव्या दिवशी बापूसाहेब तिच्या महाविद्यालयात आले. धोतर गुडघ्यापर्यंत मळलेलं होतं. ते एसटीनं एकटे गावोगाव फिरत होते. त्या छत्तीसांपैकी एकवीस घरी जाऊन आले होते. एका घरी बापानं आत येऊ दिलं नाही, बाकी सगळीकडे पाट मांडला, चहा केला.

“पाठव तो,” ते म्हणाले. “आहे तसा पाठव. वर माझं पत्र जोड, की हे माझ्या हातून झालं.”

ऑक्टोबरमध्ये विष्णुपुरीला सभा झाली. न्यासाची माणसं मुंबईहून आली होती, संस्थेचे विश्वस्त होते, लोहा तालुक्यातले काही मुख्याध्यापक होते. सौदामिनी बोलायला उठणार तोच बापूसाहेबांनी तिला हातानं बसवलं आणि स्वतः उभे राहिले. पंचेचाळीस आणि सहासष्ट हे दोन आकडे त्यांनी सांगितले, पाठोपाठ साठ, चोवीस आणि छत्तीस हेही. एक विश्वस्त उठून निघून गेले. संस्थेची अब्रू चव्हाट्यावर आणली म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा पाठवला. न्यासानं वसतिगृहाची इमारत रद्द केली. पण त्यातल्या एका अधिकारी बाईंनी सभा संपल्यावर सौदामिनीला विचारलं, की वसतिगृह नाही, तर मग काय केलं तर उपयोग होईल? सौदामिनीनं खरं ते सांगितलं. ठाऊक नाही, पण एक गोष्ट करून बघण्यासारखी वाटते. तिनं माणिकप्पा गुरुजींच्या सकाळच्या तासाबद्दल सांगितलं. आणि करून बघायचीच तर पहिल्या दिवसापासून मोजायची, आणि येणारं प्रत्येक मूल मोजायचं.

अंबरीशनी नोकरी सोडली आणि लातुरातच स्वतःची शिकवणी काढली. ती चांगली चालली. लातूरच्या वसतिगृहात नियम झाला, की आलेल्या मुलाला दहावीच्या परीक्षेला बसवल्याशिवाय पाठवायचं नाही. पुढच्या वर्षी निकाल एकसष्ट टक्क्यांवर आला आणि वर्तमानपत्रानं तो छापला नाही. परत गेलेल्या छत्तीसांपैकी दहावी न झालेल्या एकतीस जणांना बापूसाहेबांनी स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली आणि परीक्षेचा फॉर्म, शिकवणी, राहण्याची सोय यांची तयारी दाखवली. अकरा जण आले. राजकन्या आधी नको म्हणाली, मग नोव्हेंबरात स्वतःच आली. मार्चच्या परीक्षेत इंग्रजीत गेली, ऑक्टोबरात सुटली. शिलाईचं काम तिनं सोडलं नाही. बाकीची वीस मुलं आली नाहीत. ती आता मुलंही राहिली नव्हती.

२००४च्या जूनमध्ये लोहा तालुक्यात काम सुरू झालं. चाळीस गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. वीस गावांत लगेच सकाळचा तास, वाचनाचा आणि जोडीला गणिताचा, सुरू होणार होता, उरलेल्या वीस गावांत दोन वर्षांनी. चाळीसही गावांतली मुलं आधी तपासली जाणार आणि दोन वर्षांनी पुन्हा. माणिकप्पा गुरुजी निवृत्त झाले होते. गावातल्या शिकलेल्या मुलामुलींना तयार करायला ते आले.

पहिल्याच गावच्या सभेत लोक नाराज होते. त्यांना वसतिगृह हवं होतं. लातूरला शिकलेली पोरं डॉक्टर-इंजिनिअर होतात, आमच्या पोरांना मात्र गावातच तासभर वाचायला बसवणार, हा काय न्याय, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. सौदामिनीनं उभारीचे आकडे सांगितले. ते ऐकूनही माना हलेनात. पुढं बसलेले सिद्धलिंग नावाचे एक म्हातारे गृहस्थ ऐकत होते. त्यांनी हात वर केला.

“मॅडम, तुमाला लेकरं हायती का?”

एक मुलगी आहे, ती म्हणाली. मनस्विनी, दहा वर्षांची, यंदा पाचवीत गेली.

“ती कुठं ऱ्हाती?”

ज्या वयाची साठ मुलं तिनं घागरीतून काढून आईपासून लांब नेली होती, त्याच वयाची तिची मुलगी होती. आणि तिला कुठं पाठवायचा विचार एकदाही तिच्या मनात आला नव्हता.

“घरी,” ती म्हणाली. “माझ्याजवळ.”

सिद्धलिंगांनी शेजारच्या माणसाकडं बघितलं आणि मग, सकाळी किती वाजता पोरं धाडायची, ते विचारलं.

दोन वर्षांनी चाळीसही गावं पुन्हा तपासली. तास झालेल्या गावांत वाचन सुधारलं होतं, स्पष्ट सुधारलं होतं. पाचवीतल्या दहांपैकी आठ मुलांना आता धडा वाचता येत होता, दुसऱ्या गावांत दहांपैकी पाचांना. गणितात मात्र काडीचाही फरक पडला नव्हता. सौदामिनीनं दोन्ही गोष्टी एकाच पानावर, सारख्याच अक्षरात छापल्या आणि पहिल्यांदा माणिकप्पा गुरुजींना दाखवल्या. गणिताचा तास गुरुजींनी स्वतः बसवलेला होता. ते दुखावले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. असं का होतंय ते मलाही बघायचंय, ते म्हणाले, तुम्ही येऊन मागं बसा, मी शिकवतो.

सोमवारी सकाळी सात वाजता ती लोहा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मागच्या रांगेत बसली. गुरुजींनी फळ्यावर बावन्नमधून सत्तावीस वजा करायला दिले. तिच्या पुढ्यातल्या मुलीनं हातचा घेतला, दोनाचे बारा केले, आणि पाचाचे चार करायचे राहिले. उत्तर पस्तीस आलं. शेजारच्या मुलाचंही पस्तीस. त्याच्या शेजारच्याचंही. सौदामिनीनं वही उघडली, वर तारीख टाकली, आणि किती जणांचं पस्तीस आलंय ते उठून बघायला लागली.